प्रचाराचं पॅकेज, ५८ हजार रुपये : एका गिरणीवाल्याचा अनुभव

गेल्या काही दिवसांत मला आजूबाजूच्या तीन गावांतून फोन आले. विषय एकच. "दादा, नगरपरिषदेला तुम्ही ते प्रचाराचं पॅकेज घेतलं होतं ना? आम्ही जिल्हा परिषदेला घ्यावं का?" यांना माझा पत्ता कसा लागला, तर त्या कंपनीनं आमच्या वहिनींचा गुलालातला फोटो जाहिरातीत छापलाय, 'आमचे विजयी उमेदवार' म्हणून. आम्हाला विचारलं नाही. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. कंपनीचं नाव घेत नाही. ज्यांच्याकडे जाहिरात पोचलीय ते ओळखतील.

माझी पिठाची गिरणी आहे, वडिलांपासूनची. वहिनी म्हणजे थोरल्या भावाच्या मंडळी. बचत गट चालवतात. प्रभागातल्या 'ब' जागेवर, सर्वसाधारण महिला, अपक्ष उभ्या राहिल्या. आमची नगरपरिषद 'क' वर्गातली, म्हणजे नगरसेवकाला खर्चाची मर्यादा अडीच लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, आणि ती वही माझ्याकडे होती. म्हणून खाली जे आकडे येतील ते वहीतले समजा, गप्पांतले नव्हेत.

१२ नोव्हेंबर २०२५ ला पॅकेज घेतलं. ५८ हजार, त्यातले ३० आगाऊ. त्यात मतदार यादीचं ॲप, चिठ्ठ्या काढायचं छोटं प्रिंटर, आवाजी कॉलच्या तीन फेऱ्या, बॅनर आणि रील, पुठ्ठ्याचं डमी मशीन, आणि ज्यावर भाऊ भाळला ती 'माउथ पब्लिसिटी टीम'. कंपनीचा माणूस समजावून सांगताना म्हणाला, "साहेब, आजकाल सभा कोण ऐकतंय? तोंडोतोंडी जायला पाहिजे. हवा तयार करायला पाहिजे." हे त्यानं मला गिरणीत उभं राहून सांगितलं. समोर सात बायका डबे घेऊन ओळीत उभ्या, आणि हा मला तोंडोतोंडी काय असतं ते सांगतोय.

ॲपचं आधी. प्रभागात २,६३८ मतदार. यादी १ जुलै २०२५ ची, सगळीकडे तीच होती. घरोघरी जायचं, बोलायचं आणि नावापुढे रंग भरायचा : हिरवा आपला, लाल त्यांचा, पिवळा काठावरचा. पोरं उत्साहानं फिरली. चौथ्या दिवशी भावानं मोबाइल माझ्यापुढे धरला, "बघ, १,४१२ हिरवे!" मी म्हटलं, आपल्याकडे दारात आलेल्याला 'नाही' कोण म्हणतं? पाणी देतात, 'बसा की' म्हणतात, 'तुम्हालाच आहे हो' म्हणतात. हेच वाक्य त्याच उंबऱ्यावर तासाभरानं दुसऱ्याला मिळतं. हिरवा रंग आमच्या गावच्या पाहुणचाराचा होता. मतांचा नव्हता.

शिवाय नावं फुटलेली. पीडीएफवरून उचलताना अनुस्वार गळाले, जोडाक्षरं तुटली, 'शांताबाई' शोधायला गेलं तर सापडेना, 'शा ताबाई' टाकलं की सापडायची. छापील यादीत दुबार नावांपुढे दोन तारे होते, ॲपमध्ये ते आलेच नाहीत. त्या ताऱ्यांनी मला पुढे गोत्यात आणलं, ते सांगतो. मोबाइल नंबर मात्र भरपूर होते. "कुठून आणले?" विचारलं तर "डेटा असतो आमच्याकडे" एवढंच. त्यात आमच्या वडिलांचा नंबर होता. वडील जाऊन सहा वर्षं झाली, यादीतून नाव कमी केलंय, पण यांच्या डेटात ते अजून आहेत.

प्रिंटर मात्र झकास. खिशात मावतो, ब्लूटूथवर चालतो, नाव टाकलं की भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्र, खोली, सगळं बिलासारख्या कागदावर. मतदानादिवशी १०० मीटरच्या बाहेर आमचं टेबल होतं, तिथे दुसऱ्या पॅनेलची माणसंसुद्धा चिठ्ठी काढून न्यायची. पॅकेजमधली पैसे वसूल झालेली ही एक वस्तू. बॅनर-रीलबद्दल बोलण्यासारखं काही नाही. वहिनींचा चेहरा इतका गोरा केला होता की आईनं विचारलं, ही कोण.

आता कॉल. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह लोकांना जन्मापासून माहीत असतं. अपक्षाला ते २६ नोव्हेंबरला मिळालं, आणि १ डिसेंबरच्या रात्री दहाला प्रचार बंद. मध्ये सहा दिवस. त्या सहा दिवसांत अडीच हजार माणसांच्या डोक्यात एक चित्र बसवायचं. आम्हाला कपबशी मिळाली. त्या दिवशी नेमकी चंपाषष्ठी. आदल्या दिवसापासून रोडग्याच्या दळणांची रांग, मला मान वर करायला फुरसत नाही. तरी मी खूश होतो. कपबशी प्रत्येक घरात आहे, अजून काय पाहिजे?

२८ तारखेला सकाळी अकराला कॉलची पहिली फेरी सुटली. मी ज्वारी टाकत होतो. वरच्या आळीतल्या एक काकू रांगेत होत्या, त्यांचा फोन वाजला. गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून त्यांनी स्पीकर लावला. एका मुलीचा गोड आवाज आला, वहिनींचं नाव आलं, 'आपली हक्काची बहीण' आलं, आणि मग : "निशाणी लक्षात ठेवा, कपाट."

मी पट्टा बंद केला. काकू म्हणाल्या, "दादा, चिन्ह बदललं व्हय?"

कपाट हे आमच्याच जागेवरच्या दुसऱ्या अपक्ष बाईंचं चिन्ह. कंपनीला फोन लावला तर त्यांनी अर्ध्या तासानं कबूल केलं की यादीत 'कप' टाइप केल्यावर दोन नावं आली आणि पोरानं भलतंच निवडलं. तोवर दोन हजारांच्या आसपास फोन गेले होते. म्हणजे आम्ही आमच्या पैशांनी, वहिनींच्या नावानं, कपाटाला मत मागितलं होतं. एक दिलासा होता. बऱ्याच जणांच्या मोबाइलवर तो नंबर लाल रंगात 'स्पॅम' म्हणून आला आणि त्यांनी उचललाच नाही. पैसे देऊन घेतलेल्या सेवेचा दोष आपल्याला वाचवतो, असं पहिल्यांदाच पाहिलं.

कंपनी म्हणाली, दुरुस्तीचा कॉल उद्या लावतो, मंजुरीला वेळ लागेल. मी पुढच्या दळणाला सांगितलं, "काकू, कपाट नव्हं, कपबशी." त्यांनी घरी जाऊन सांगितलं. दुसरीला सांगितलं, तिसरीला सांगितलं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर पोरं ओरडत चालली होती, "कपाट नव्हं, कपबशी!" कुणी शिकवलं नव्हतं. लोकांना चूक भारी आवडते हो. बरोबर गोष्ट कुणी चार जणांना सांगत नाही, पण 'अगं त्यांच्या वहिनींनी स्वतःच्या फोनवर दुसरीचंच चिन्ह सांगितलं' हे पोटात राहत नाही. सांगणारी हसत हसत सांगते, आणि सांगता सांगता खरं चिन्हही सांगून जाते. ३० तारखेपर्यंत प्रभागात कपबशी माहीत नाही असं घर उरलं नव्हतं. हे श्रेय कंपनीला द्यायचं की नाही, तुम्ही ठरवा. कपाटाच्या बाई स्वतः गिरणीत आल्या. डबा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, माझा प्रचार केलात, किती द्यायचे?" दळणाचे पैसे मी त्या दिवशी घेतले नाहीत.

माउथ पब्लिसिटी टीम म्हणजे मोटरसायकलवरची दोन पोरं. बाहेरगावची, नीटनेटकी, बोलायला गोड. काम असं की टपरीवर, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर जाऊन बसायचं आणि आपल्यातच मोठ्यानं बोलायचं, म्हणजे बाकीच्यांच्या कानावर पडेल. पारावरच्या चहावाल्यानं मला जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत : "दोघं आली, चहा सांगितला. एक म्हणाला, 'प्रभाग क्रमांक सातमध्ये काय वातावरण आहे?' दुसरा म्हणाला, 'सातमध्ये तर कपबशीचीच हवा आहे.' अरे, इथं सात कोण म्हणतं? खालची आळी म्हणतात, कुंभारवाडा म्हणतात. मी तेव्हाच वळखलं, ही भाड्याची." चहावाल्यानं ते पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं. त्यानं सलूनमध्ये. दुपारपर्यंत गावात बातमी : वहिनींनी हवा करायला माणसं आणली. म्हणजे टीमनं बातमी खरोखर तोंडोतोंडी पोचवली, फक्त उलटी. मी दुसऱ्या दिवशी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पोरांचा राग नाही, पोटासाठी फिरत होती. पण हे विकणाऱ्याला एवढं कळायला हवं की पारावर बोलणाऱ्याचं बोलणं नंतर ऐकतात. आधी बघतात, हा कुणाचा कोण.

आमच्या आत्याला हे न शिकता कळतं. वय चौऱ्याहत्तर, अक्षरओळख नाही. तिनं पुतणीला दोनशे पानी वही घेऊन शेजारी बसवलं आणि घरामागून घर सांगत गेली. ॲपमध्ये रंग होते, हिच्या वहीत माणसं. मी एक पान बघितलं : 'हिचा थोरला भाऊ एसटीत. त्याचं ऐकते. नवऱ्याचं ऐकत नाही.' खाली : 'यांच्याकडे जाऊ नका, सासू-सुनांचं चालू आहे, एकीनं हो म्हटलं की दुसरी मुद्दाम नाही म्हणेल. सुनेला नळावर गाठा.' त्याखाली : 'यांना रमेशच्या लग्नात पंगतीला विचारलं नव्हतं. आधी ते मिटवा.' ते लग्न नऊ वर्षांपूर्वीचं. भाऊ आणि रमेश दोघं जाऊन हात जोडून आले.

खालच्या आळीत एक एकत्र कुटुंब आहे, अकरा मतं. ॲपमध्ये लाल, कारण धाकटा मुलगा समोरच्या पॅनेलच्या माणसाकडे कामाला. पोरांनी ते घर सोडून दिलं होतं. आत्या म्हणाली, "मधली सून कुठली? आमच्या नणंदेच्या गावची. तिचा भाऊ आणि नणंदेचा पोरगा एका तालमीतले." मग फोन. नणंदेच्या पोराचा त्या भावाला, भावाचा बहिणीला. योगायोगानं तो २७ चा दिवस, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरात पूजा मांडलेली, कुंकवाला बायका येत-जात होत्या. भावानं बहिणीला काय सांगितलं असेल? "सगळ्यांचं राहू दे ताई, तुम्हा जावा-जावांचं तेवढं बघ." अकराच्या अकरा मागितलीच नाहीत. तीन मागितली.

पॅकेजवाल्यांच्या लक्षात न आलेली गोष्ट हीच. नगरपरिषदेला आमच्याकडे माणसाला तीन मतं होती : एक नगराध्यक्षाला, दोन प्रभागातल्या अ आणि ब जागांना. त्यामुळे कुणालाही आपलं माणूस पूर्ण तोडावं लागत नाही. 'अध्यक्षाला तुमचा द्या, अ ला तुमचा द्या, फक्त ब ला आमच्या वहिनी' हे वाक्य बोलताना समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिलाय. त्याला मालकाशी वाईट व्हायचं नसतं आणि पाहुण्याशीही. कंपनीनं लिहून दिलेल्या मजकुरात 'पॅनेल टू पॅनेल, एकच ध्यास' असलं होतं. अपक्षाला कसलं पॅनेल? तो मजकूर दुसऱ्या कुणाचा तरी होता, नाव बदलून आम्हाला दिलेला.

डमी मशीन त्या दृष्टीनं कामाला आलं, हेही सांगायला हवं. पुठ्ठ्याचं, बटण दाबलं की पीं वाजतं. म्हाताऱ्या बायकांना तीन वेळा दाबायचंय हे पटेना. "एकदा दाबलं की झालं की" म्हणायच्या. गिरणीत पिंपावर ते ठेवलं होतं. दळण होईस्तोवर त्या दाबत बसायच्या. एकीनं तर नातवाला न्यायला मागितलं.

आता माझं. ज्यांना तोंडोतोंडी प्रचार म्हणजे काहीतरी निर्मळ वाटतं त्यांच्यासाठी लिहितो. समोरच्या मुख्य उमेदवार बाई पुण्यात राहतात, यादीत नाव दोन्हीकडे आहे, असं मला कुणीतरी सांगितलं. मी छापील यादी काढली, त्यांच्या नावापुढे दोन तारे दिसले. झालं. दोन दिवसांत अकरा बायकांना सांगितलं. सांगताना आवाजही थोडा खाली आणला होता, मला आठवतंय, कारण हळू सांगितलेलं जास्त खरं वाटतं. ३० तारखेला आत्याला सांगितलं तर तिनं विचारलं, "वय बघितलंस?" बघितलं नव्हतं. तारे त्याच नावाच्या दुसऱ्या बाईंपुढे होते, वीस वर्षांनी मोठ्या. मतदानाआधी अकरातल्या चौघी परत गिरणीत आल्या, त्यांना खरं सांगितलं. सात जणींकडे जायला हवं होतं, गेलो नाही. प्रचाराचे दोन दिवस राहिलेत, असं स्वतःला सांगितलं. त्या बाईंच्या सासूचं दळण वीस वर्षं आमच्याकडे यायचं. आता येत नाही. घरघंटी घेतली म्हणतात.

परतफेड १ तारखेलाच झाली. संध्याकाळी साडेसहाला उठवलं की वहिनींनी समोरच्यांना पाठिंबा दिला, आता त्यांना मत म्हणजे वाया. शेवटच्या रात्रीची ही अफवा जुनी आहे, नाव बदलून प्रत्येक निवडणुकीत येते, आणि तरी लागू पडते. वेळच नसतो ना खोडायला. कंपनीला फोन केला : खुलाशाचा कॉल लावा. ते म्हणाले, रेकॉर्डिंग, मंजुरी, चार तास. चार तासांनी साडेदहा वाजणार, म्हणजे प्रचार संपलेला. वहिनींनी चप्पल घातली आणि निघाल्या. माइक नाही, पत्रक नाही, मागे घोळका नाही. प्रत्येक आळीतून नुसत्या चालत गेल्या, ओट्यावर कुणी दिसलं की "आहे हो मी" एवढंच. काहींनी आत बोलावून दूध दिलं. साडेनऊला घरी आल्या तेव्हा पाय सुजले होते.

तरी कंपनीनं दुसऱ्या दिवशी पहाटे मेसेज टाकला, 'तिसरी फेरी सकाळी ७ ला सोडतो, मतदानाची आठवण म्हणून.' मतदान साडेसातला सुरू. प्रचार बंद झाल्यावर वहिनींच्या नावानं कॉल गेला असता तर गुन्हा कुणावर झाला असता, कंपनीवर की उमेदवारावर? मी पाच वाजता फोन करून माणसाला झोपेतून उठवलं आणि ती फेरी थांबवली. घेणार असाल तर हे लिहून ठेवा.

मतमोजणी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी होणार होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती २१ डिसेंबरला गेली. ते एकोणीस दिवस गिरणीत जेवढी मतमोजणी झाली तेवढी कुठल्याच स्ट्राँगरूमनं पाहिली नसेल. कंपनीनं त्यातही 'मतदानोत्तर अंदाज' आठ हजारांत देऊ केला. घेतला नाही. वहिनी ६४ मतांनी आल्या. कपाटाला १८७ पडली. त्यातली आमची किती, हे देवाला ठाऊक.

तर ज्यांनी विचारलं त्यांना : प्रिंटर घ्या, तो वेगळाही मिळतो. डमी मशीन घ्या. यादी छापील आणा आणि वय बघून वाचा. कॉल घेणारच असाल तर रेकॉर्डिंग स्वतः ऐकल्याशिवाय सोडू देऊ नका, आणि त्यांची हवा करणारी पोरं फुकट दिली तरी नको म्हणा. बाकी तुमच्या घरात एक आत्या असेलच, तिला वही आणून द्या. पाचपैकी दोन तारे, तेही प्रिंटरचे.

कपाटाच्या चुकीबद्दल सहा हजार परत मागितले होते, बऱ्याच फोनांनंतर चार मिळाले, वहीत जमा धरलेत. फोटो काढून टाका म्हणून सांगितलंय, तो अजून आहे. त्या जाहिरातीत वहिनींच्या फोटोखाली चिन्हसुद्धा छापलंय, कपाट. फोन केला तर म्हणाले, डिझायनरला सांगतो.